चिखलात कोण काय खातं



निसर्गावरचं व्याख्यान म्हटलं की लोक वाघाचं ऐकायला येतात. गेला बाजार एखादा गरुड तरी हवा. मी आज तुम्हाला चिखलाचं सांगणार आहे. ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान आहे ते आमचे सर आयुष्यभर प्राणिशास्त्र शिकवत राहिले आणि कणा नसलेल्या प्राण्यांवर त्यांचा विशेष जीव होता, त्यामुळे हा विषय त्यांना चालला असता असं मी धरून चालतो.

प्रश्न साधा आहे. समुद्रकाठच्या पाणथळीत, म्हणजे खाजणात, कांदळवनात, ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलाच्या पट्ट्यांवर तळाला राहणारे प्राणी खातात तरी काय? तिसरी काय खाते? कालव काय खातं? बिळाच्या तोंडाशी बसून एक भला मोठा आणि एक चिमुकला असे दोन नांगे हलवणारा खेकडा तोंडात काय घालत असतो? शाळेतल्या पुस्तकात याचं उत्तर एका ओळीत मिळायचं: कांदळाची पानं पडतात, कुजतात, त्या कुजलेल्या पानांवर खाडीतली जीवसृष्टी पोसली जाते. हे उत्तर मीही वर्षानुवर्षं वर्गात दिलं आहे, कारण तेव्हा तेच छापलेलं होतं. ते कुठून आलं, त्याला तडा कसा गेला आणि आपल्या खाड्यांचा त्याच्याशी काय संबंध, एवढंच आज बोलायचं आहे.

आधी चिखलात राहतं कोण ते पाहू. चिखलपट्टा लांबून ओसाड दिसतो. पण खाडीच्या चिखलाच्या एका चौरस मीटरमध्ये दहा लाखांहून जास्त सूत्रकृमी सहज असतात. त्यांच्याहून मोठे, चाळणीत अडकतील असे वलयी कृमी, गोगलगायी, शिंपले, झिंग्यांचे बारके नातलग, खेकडे. यातले काही पाणी गाळून खातात, तिसरी आणि कालव त्यांतलेच. काही चिखलच गिळतात. चिखल गिळणाऱ्याला अर्थातच फार गिळावा लागतो, कारण त्यात पोटाला लागेल असं थोडंच असतं; यातले बरेच प्राणी दिवसाला स्वतःच्या वजनाइतका किंवा त्याच्या कितीतरी पट चिखल पोटातून पार करतात. म्हणजे खाडीचा वरचा थर कुणाच्या ना कुणाच्या आतड्यातून पुन्हा पुन्हा गेलेला असतो. ऐकायला बरं वाटत नसेल, पण वस्तुस्थिती तशी आहे.

आता त्या उत्तराचा उगम. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्याच्या किनाऱ्याला सॅपेलो नावाचं बेट आहे. १९५० च्या दशकात तिथे जॉर्जिया विद्यापीठाने सागरी संशोधन केंद्र काढलं, आणि त्यामागची मोठी प्रेरणा होती यूजीन ओडम यांची. आपल्याकडे ज्यांनी बी.एस्सी.ला प्राणिशास्त्र किंवा वनस्पतिशास्त्र घेतलं होतं, त्यांना ओडमचं परिस्थितिकीचं जाडजूड पुस्तक आठवत असेल, निदान त्याची झेरॉक्स. सॅपेलोभोवती मैलोन्‌मैल एकाच जातीचं गवत आहे, स्पार्टिना. भरतीच्या खाऱ्या पाण्यात उभं राहणारं, पुरुषभर वाढणारं. जिवंतपणी या गवताला तोंड लावणारे प्राणी फार थोडे. मग एवढं गवत जातं कुठे? १९६२ साली जॉन टील यांनी त्या खाजणाचा ऊर्जेचा ताळेबंद मांडला आणि असा अंदाज केला की खाजणात तयार होणाऱ्या मालापैकी सुमारे ४५ टक्के माल तिथल्या प्राण्यांनी खाण्याआधीच ओहोटीबरोबर बाहेर जातो. त्यावरून ओडम यांनी पुढची कल्पना मांडली: खाजण हे समुद्राला अन्न पुरवणारं कोठार आहे. गवत मरतं, तुकडे होतात, ते वाहून जातात, आणि त्यावर शिंपले, झिंगे, मासे जगतात.

लगेच फ्लॉरिडात एरिक हील्ड आणि यूजीन यांचा मुलगा विल्यम ओडम यांनी कांदळवनातही हेच चित्र पाहिलं. लाल कांदळाची पानं, त्यांचा चुरा, तो खाणारे बारीक प्राणी, त्यांना खाणारे मासे. १९७० च्या दशकात हे चित्र जगभर गेलं. ते जाण्याला आणखी एक कारण होतं, ते लक्षात घेतलं पाहिजे. त्या काळात खाजण म्हणजे डासांची पैदास, भराव टाकून वापरात आणायची पडीक जमीन, असाच सगळीकडे समज होता. त्या काळात ‘हे गवत, ही झाडं तुमच्या ताटातला मासा पोसतात’ हे वाक्य न्यायालयात, विधिमंडळात आणि वर्तमानपत्रात कामाला येत होतं. त्याने पुष्कळ खाजणं वाचवली. त्यामुळे त्याच्याबद्दल मी तुच्छतेने बोलणार नाही. पण एखादं वाक्य उपयोगी पडतं म्हणून ते तपासायचं नाही, असं शास्त्रात चालत नाही.

पहिली शंका पानाबद्दलच होती. कांदळाचं गळलेलं पान हातात घेऊन पाहा. जाड, चामड्यासारखं, टॅनिनने भरलेलं. झाड पान टाकण्याआधी त्यातला बराचसा नायट्रोजन परत काढून घेतं. झाडं या बाबतीत काटकसरी असतात. उरतं ते मुख्यतः सेल्युलोज आणि लिग्निन. प्राण्याला शरीर बांधायला प्रथिनं लागतात, म्हणजे नायट्रोजन लागतो. अन्नात नायट्रोजनच्या एका भागाला कार्बनचे साधारण सतराहून अधिक भाग झाले, तर ते अन्न प्राण्याला पुरेसं पडत नाही असा एक ढोबळ आडाखा आहे. गळलेल्या कांदळपानात हे प्रमाण पन्नासाच्या वर, कधी शंभराच्याही पुढे असतं. असल्या पानावर कुणी धष्टपुष्ट होत असेल, तर मधे काहीतरी घडत असलं पाहिजे.

काय घडतं ते इंग्लंडमध्ये रिचर्ड न्यूवेल यांनी १९६५ साली एका फार सुंदर प्रयोगात दाखवलं. हायड्रोबिया नावाची तांदळाच्या दाण्याएवढी गोगलगाय चिखलपट्ट्यांवर लाखांनी असते. ती कुजका गाळ खाते. न्यूवेल यांनी तिची विष्ठा गोळा केली. त्यात कार्बन भरपूर होता, नायट्रोजन जवळजवळ नव्हता. ती विष्ठा त्यांनी समुद्राच्या पाण्यात ठेवून दिली. काही दिवसांनी तिच्यात नायट्रोजन वाढला, कारण तिच्यावर सूक्ष्मजीव वाढले होते. तीच विष्ठा गोगलगायींना परत दिली. त्यांनी ती खाल्ली, आणि पुन्हा बाहेर पडलेल्या विष्ठेतला नायट्रोजन गेलेला, कार्बन मात्र फारसा हललेला नाही. म्हणजे गोगलगाय कुजक्या तुकड्यावरचे जिवाणू पचवते आणि तुकडा तसाच सोडून देते. पान ही पत्रावळ आहे. जेवण तिच्यावर वाढलेलं असतं.

हा प्रयोग माझ्या मते या सगळ्या विषयातला सर्वात मोलाचा. उपकरणं म्हणाल तर काचेची भांडी आणि चिकाटी. पण त्याने एक प्रश्न मागेच ठेवला: पत्रावळीवर हे वाढलं कुणी? जिवाणूंनी पानाचाच कार्बन वापरला, की त्यांच्यासोबत दुसरं कुणीतरी होतं?

याचं उत्तर सूक्ष्मदर्शकातून मिळत नाही. चिखल खाणाऱ्याचं पोट फाडून पाहिलं तर आत चिखलच दिसतो. शिवाय पोटात जे दिसतं ते खाल्लेलं असतं, पचलेलं असेलच असं नाही. प्राण्याचं अंग कशाचं बनलं आहे हे विचारायला हवं होतं, आणि ते विचारण्याची सोय कार्बनच्या समस्थानिकांनी केली.

थोडं समजावून सांगतो. निसर्गातल्या कार्बनमध्ये जवळजवळ सगळा कार्बन-१२ असतो आणि सुमारे १.१ टक्का जरा जड कार्बन-१३. वनस्पती हवेतला कार्बन घेताना जड अणू थोडा टाळतात. पण किती टाळतात ते प्रत्येक प्रकारच्या वनस्पतीचं वेगळं असतं. भात, गहू, आंबा, कांदळ, तिवर ही मंडळी जड अणू बराच टाळतात. त्यांचा आकडा उणे २८ प्रति हजारच्या जवळपास येतो. ज्वारी, बाजरी, मका, ऊस यांची प्रकाशसंश्लेषणाची रीत वेगळी, त्यांचा आकडा उणे १२-१३ च्या आसपास. आणि प्राणी जे खातो त्याचा आकडा, एखाद्या प्रति हजारच्या फरकाने, त्याच्या अंगात उतरतो. केवळ ज्वारीवर जगणारा सोलापूरकडचा शेतकरी आणि केवळ भातावर जगणारा राजापूरकडचा शेतकरी, दोघांचा एकेक केस यंत्रात घातला तर कोण कुठला ते सांगता येईल. अर्थात आता दोघंही रेशनचे गहू-तांदूळ आणि साखरेचा चहा घेतात, त्यामुळे उत्तर पूर्वीइतकं स्वच्छ मिळणार नाही.

सॅपेलोचं स्पार्टिना हे ज्वारीच्या रीतीचं गवत आहे. त्याचा आकडा उणे १३ च्या आसपास. पाण्यात तरंगणारी सूक्ष्म वनस्पती, म्हणजे प्लवक, उणे २० ते २२. चिखलावर वाढणारं सूक्ष्म शेवाळ यांच्या मधे. जमिनीवरची झाडं उणे २७-२८. तेव्हा खाडी खरोखरच स्पार्टिनाच्या चुऱ्याने भरलेली असेल तर खाडीच्या पाण्यातले तरंगते कण उणे १३ कडे झुकले पाहिजेत. १९७० च्या दशकात इव्हलिन हेन्स यांनी सॅपेलोतच हे मोजलं. कण निघाले उणे २० च्या आसपास, आणि त्याच्याही खाली. गवताच्या समुद्रात उभं राहून केलेल्या मोजणीत गवताचाच पत्ता नव्हता. १९७९ मध्ये त्यांनी माँटेग्यू यांच्याबरोबर खाडीतल्या प्राण्यांचे आकडे छापले. खेकडे, गोगलगायी, शिंपले यांचे आकडे पसरलेले होते. काही गवताच्या जवळ, काही चिखलावरच्या शेवाळाच्या, काही प्लवकाच्या. कालवं तर सरळ प्लवकाच्या गटात.

गंमत अशी की याच सॅपेलोत लॉरेन्स पॉमेरॉय यांनी १९५९ सालीच दाखवलं होतं की खाजणाच्या चिखलावरचं शेवाळ चांगलंच उत्पादन करतं. ते कुणी नाकारलं नाही. कुणी लक्षात घेतलं नाही इतकंच. पुरुषभर उंचीचं गवत समोर असताना पायाखालच्या पातळ थराकडे कोण बघतो?

पण हेन्स यांच्या मोजणीतही एक गाठ होती. उणे २० हा आकडा प्लवकाचा असू शकतो, आणि अर्धं गवत व अर्धी जमिनीवरच्या झाडांची पानं मिसळली तरीही येऊ शकतो. एकाच आकड्यावर खटला चालवला की असं होतं. १९८५ मध्ये पीटरसन, हॉवर्थ आणि गॅरिट यांनी मॅसॅच्युसेट्समधल्या ग्रेट सिपेविसेट खाजणातल्या मसल जातीच्या शिंपल्यांवर काम केलं आणि कार्बनच्या जोडीला नायट्रोजन आणि गंधकही घेतलं. समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटचं गंधक जड असतं, आणि प्लवक तेच वापरतं. स्पार्टिनाच्या मुळांना मात्र चिखलातल्या जिवाणूंनी तयार केलेलं, सडक्या अंड्याच्या वासाचं हलकं गंधक मिळतं. या सगळ्या साक्षी जुळवल्यावर गाठ सुटली: जमिनीवरच्या झाडांचा वाटा किरकोळ, आणि शिंपले गवत व प्लवक दोन्ही खातात. खाजणाच्या आतल्या अंगाला राहणारे गवताकडे झुकलेले, खाडीच्या मुखाशी राहणारे प्लवकाकडे. जात एकच, खाजण एकच, आणि काहीशे मीटरवर जेवण बदललेलं. ही गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरते.

आता घरी येऊ, थोडं वळसा घालून. नाशिकजवळ त्र्यंबकेश्वरला उगम पावणारी गोदावरी मराठवाड्यातून जाते, वाटेत दख्खनची काळी माती उचलते, आणि आंध्रात काकीनाड्याजवळ समुद्राला मिळताना त्या गाळावर कोरिंगाचं कांदळवन उभं आहे. अभयारण्य म्हणून ते १९७८ साली जाहीर झालं. ब्रसेल्सचे स्टीव्हन बुइयों आणि आंध्र विद्यापीठाचे ए. व्ही. रामन यांनी सहकाऱ्यांसह तिथल्या चिखलातल्या प्राण्यांचं अन्न तपासलं आणि २००२ साली निष्कर्ष छापले. इथे गणित अमेरिकेहून सोपं होतं, कारण कांदळवनाची झाडं भाताच्या रीतीची. त्यांचा आकडा एका टोकाला, आणि शेवाळ व प्लवक बरंच वर. गोंधळायला जागा कमी. कांदळवनाच्या पोटात, पानांच्या खचात राहणाऱ्या प्राण्यांपैकी मोजक्याच जाती झाडाच्या कार्बनवर ठळकपणे जगताना दिसल्या. बहुतेकांचं अंग चिखलावरच्या सूक्ष्म शेवाळाचं आणि भरतीबरोबर आत आलेल्या प्लवकाचं बनलेलं होतं.

गोव्यात राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी मांडवी-झुआरीच्या कांदळवनात गळणाऱ्या पानांचा हिशेब १९९७ मध्ये मांडला, तोही याच्याशी जुळणारा आहे. कार्बनच्या ताळेबंदात पानांना वजन आहे. नायट्रोजन आणि फॉस्फरसच्या ताळेबंदात मात्र त्यांचा वाटा नगण्य. मघाशी म्हटलं तसं, प्राण्याला अडतं ते नायट्रोजनपाशी.

मग या सगळ्यांना पोसणारं ते चिखलावरचं शेवाळ आहे तरी काय? त्याच्याजवळ थोडं थांबू. हिवाळ्यातल्या सकाळी, ओहोटी लागून तासभर झाल्यावर, खाडीचा उघडा चिखल तिरप्या नजरेने पाहा. काळपट राखाडी चिखलावर सोनेरी-तपकिरी झाक चढलेली दिसेल, कुठे हिरवट. ते डायाटम. काचेच्या, म्हणजे सिलिकाच्या डबीत राहणारे एकपेशीय जीव. चिखलात उजेड जेमतेम दोन-तीन मिलिमीटर शिरतो. पाणी ओसरलं आणि ऊन पडलं की हे जीव चिकट द्रव सोडत त्याच्या आधाराने सरपटत वर येतात, अन्न तयार करतात, आणि भरती यायच्या आधी पुन्हा खाली जातात, नाहीतर पाणी त्यांना धुऊन नेईल. केप कॉडच्या चिखलातले डायाटम प्रयोगशाळेत आणून, ना भरती ना ओहोटी, अशा स्थिर उजेडात ठेवले तरी ते काही दिवस आपल्या खाडीच्या वेळापत्रकाप्रमाणे वर-खाली करत राहिले. पामर आणि राउंड यांचं १९६७ चं हे निरीक्षण. डोकं नाही, मज्जातंतू नाही, पण भरतीची वेळ ठाऊक.

अन्न म्हणून डायाटमची बरोबरी करणारं खाडीत थोडंच सापडेल. लाकूड नाही, टॅनिन नाही, प्रथिनं भरपूर, आणि माशाच्या तेलाची जी ख्याती आहे ती ओमेगा-३ मेदाम्लं मुळात अशाच सूक्ष्म जीवांत तयार होतात. पान कुजून खाण्याजोगं व्हायला आठवडे-महिने लागतात. डायाटम दुसऱ्या दिवशी दुप्पट होऊ शकतात. एका क्षणी चिखलावर त्यांचा साठा थोडाच दिसतो, कारण जो तयार होतो तो खाल्ला जातो. साठा पाहून उत्पन्नाचा अंदाज करणारा माणूस इथे हमखास फसतो, आणि बरीच वर्षं सगळे तसेच फसले.

नेदरलँड्समधल्या वेस्टरशेल्ड खाडीत मोलेनप्लाट नावाचा चिखलपट्टा आहे. तिथे मिडेलबर्ग आणि सहकाऱ्यांनी ओहोटीच्या वेळी चिखलावर जड कार्बन घातलेलं बायकार्बोनेट फवारलं. डायाटमनी ते उचललं. काही तासांत तो जड कार्बन जिवाणूंमध्ये आणि सूत्रकृमींमध्ये सापडला, आणि पुढच्या काही दिवसांत मोठ्या प्राण्यांत. २००० साली हे प्रसिद्ध झालं. कोण कुणाला खातं याची ही जवळजवळ रंगेहाथ साक्ष. यात आणखी एक बारकावा निघाला: जिवाणूंचं जेवणही पुष्कळ अंशी डायाटमच्या चिकट स्रावावर चालतं. म्हणजे न्यूवेल यांच्या गोगलगायीने खाल्लेले जिवाणू दर वेळी पानावर पोसलेले असतीलच असं नाही.

आता तो दोन विजोड नांग्यांचा खेकडा. मोठा नांगा नराचा, तो मादीला खुणवायला आणि दुसऱ्या नराला दटवायला. खाण्यासाठी त्याचा काडीचा उपयोग नाही. लहान नांग्याने तो चिखलाची चिमूट उचलून तोंडाशी नेतो. बिचाऱ्या नराला एका हाताने जेवावं लागतं, मादीला दोन्ही मोकळे. तोंडात शिरल्यावर खेकडा कल्ल्यांच्या पोकळीत साठवलेलं पाणी त्या चिमटीवर सोडतो. हलके डायाटम आणि जिवाणू तरंगतात, तोंडातले चमच्यासारख्या टोकाचे केस ते टिपून घेतात, आणि जड गाळाची गोळी करून खेकडा बाहेर टाकतो. बिळाभोवती दिसणाऱ्या त्या शेकडो बारीक गोळ्या विष्ठा नसून धुऊन टाकलेला चिखल आहे. चिखल सुकला की हे तंत्र चालत नाही. म्हणून ओहोटीला पाण्याच्या कडेकडेने त्यांचे थवे सरकताना दिसतात.

पाणी गाळणाऱ्यांचं काय, तिसरीचं, कालवाचं? ते प्लवक खातात असं आपण म्हणतो. पण जोराचं वारं आणि वाहतं पाणी चिखलावरचे डायाटम उचलून पाण्यात मिसळतात. जर्मनी-नेदरलँड्सच्या सीमेवरच्या एम्स खाडीत द योंगे यांनी दाखवलं की पाण्यातल्या तथाकथित प्लवकाचा मोठा हिस्सा मुळात असा तळावरून उसळलेला असतो. म्हणजे तिसरी पाणी गाळत असली तरी तिच्या शिंपेत चिखलाचं पीक येतं. तिसऱ्या साफ करताना आतला हिरवट-तपकिरी भाग दिसतो ना, ती तिची पचनग्रंथी, आणि तो रंग शेवाळाचा. रेती सुटावी म्हणून बायका त्यांना पाण्यात ठेवतात, तेव्हा रेती जाते, हा रंग राहतो. तिसऱ्यांच्या एकशिपीला चव त्यानेच येत असावी असा माझा एक तर्क आहे. त्याला पुरावा मागू नका.

आता पानाची बाजूही ऐकली पाहिजे, नाहीतर एक टोक सोडून दुसरं पकडल्यासारखं होईल. क्वीन्सलँडच्या कांदळवनात रॉबर्टसन यांनी १९८६ मध्ये मोजलं की गळलेल्या पानांपैकी सुमारे २८ टक्के पानं सेसार्मिड खेकडे बिळात ओढून नेतात. ते पानं खातात यात शंका नाही. पण पूर्व आफ्रिकेत स्कॉव्ह आणि हार्टनॉल यांनी २००२ साली विचारलं की इतक्या निकृष्ट अन्नावर ते जगतात कसे. आणि त्यांचं उत्तर असं, की हे खेकडे पानांखेरीज बराच वेळ चिखलही वेचत असतात, नायट्रोजनची भरपाई तिथून. टेरेब्रालिया नावाची मोठी शंखवर्गीय गोगलगाय तर वयाप्रमाणे आहार बदलते. लहानपणी चिखल, मोठेपणी पानं. त्यासाठी तिच्या जिभेवरचे दातसुद्धा बदलतात. आणि त्याच सॅपेलोत सिलिमन व स्टीव्हन न्यूवेल यांनी २००३ साली दाखवलं की लिटोरारिया ही गोगलगाय जिवंत स्पार्टिनाचं पान खरवडून जखमा करते, त्या जखमांवर बुरशी वाढते, आणि ती खाते ती मुख्यतः बुरशी. वर स्वतःच्या विष्ठेचं खतही तिथेच. शेती करणारी गोगलगाय! काही शिंपल्यांनी तर हा सगळा वादच बाजूला ठेवला आहे: चिखलातल्या विषारी गंधकवायूवर जगणारे जिवाणू त्यांनी कल्ल्यांतच पाळले आहेत.

तेव्हा झाड बिनकामाचं, असा अर्थ कुणी काढू नये. झाड सावली देतं, गाळ अडवतं, लपायला जागा देतं, वादळात किनारा राखतं. माझं म्हणणं एवढंच की झाडाच्या आजूबाजूचा आणि समोरचा उघडा चिखल हे खाडीचं शेत आहे, आणि ते शेत उजेडावर पिकतं. खाडीचा आतला भाग, मुख, वन, उघडा पट्टा, प्रत्येक ठिकाणी जेवण वेगळं असतं हे सिपेविसेटच्या शिंपल्यांनी सांगितलं आहे.

आपल्याकडे याचा हिशेब आणखी गुंतागुंतीचा, कारण आपल्याकडे पावसाळा आहे. जूनपासून खाडीत गोडं पाणी आणि गढूळ लोंढा. उजेड बंद, क्षारता खाली, चिखलाचा वरचा थर वाहून जातो. गोव्याच्या खाड्यांत पावसाळ्यात तळाचे प्राणी झपाट्याने घटतात आणि ऑक्टोबरनंतर पुन्हा भरतात, हे जुनं, पक्कं निरीक्षण आहे. विदेशी पाणथळींचे आकडे आपल्या खाडीला जसेच्या तसे लावता येणार नाहीत ते यामुळे.

आणि मुंबई. ठाणे खाडीत सांडपाणी हाही एक अन्नस्रोत आहे, हे मान्य करावं लागतं. सेंद्रिय घाण वाढली की प्राणवायू कमी होतो, नाजूक जाती जातात, आणि ते सोसणारे थोड्या जातींचे कृमी प्रचंड संख्येने राहतात. चाळणीत जीव भरपूर दिसतात, म्हणून खाडी ठणठणीत आहे असं समजू नये. तिथेच दर हिवाळ्यात रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, येतात. त्यांच्यातला लहान रोहित मुख्यतः नीलहरित शेवाळ आणि डायाटम गाळून खातो, मोठा रोहित चिखलातले प्राणी. दोघंही उघड्या चिखलाचे गिऱ्हाईक. २०१५ मध्ये तिथे अभयारण्य झालं, ऑगस्ट २०२२ मध्ये रामसर यादीत नाव गेलं. त्याच खाडीत गाळ साचत चालला आहे आणि त्यावर तिवरं पुढे सरकत आहेत, उघडा पट्टा तितका कमी होतो आहे. हे निसर्गाचं काम आहे असं म्हणता येईल. पण उघड्या पट्ट्यावर माणसांनी मुद्दाम रोपं लावायची, त्याचे फोटो छापायचे आणि त्याला खाडी वाचवणं म्हणायचं, हे मला पटत नाही. जिथे वन तोडलं तिथे ते परत लावा, जरूर लावा. जिथे वन कधीच नव्हतं, तिथे तिवरांची सावली पाडून आपण कुणाचा उजेड अडवतो ते आधी पाहिलं पाहिजे. वनसर्वेक्षणाच्या २०२१ च्या अहवालात महाराष्ट्रात ३२४ चौरस किलोमीटर कांदळवन नोंदलं आहे, आणि ही संख्या वाढली की आनंदाची बातमी होते. चिखलपट्ट्याचं क्षेत्र घटलं तर बातमी होत नाही.

कायद्यात मात्र चिखलाला जागा आहे. किनारा नियमन क्षेत्राच्या २०११ च्या आणि २०१९ च्या अधिसूचनेत, सर्वात कडक संरक्षणाच्या वर्गात, कांदळवन आणि प्रवाळांच्या यादीत ‘जैविकदृष्ट्या सक्रिय चिखलपट्टे’ येतात. वाद उभा राहतो तो ‘सक्रिय’ कशाला म्हणायचं यावर. पाहणीला आलेला माणूस भरतीच्या वेळी आला तर त्याला पाणी दिसतं, आणि ऐन उन्हाळ्याच्या दुपारी आला तर कोरडी भेगाळ जमीन. तो निष्क्रिय लिहून मोकळा होतो.

हे ठरवायला महागडं यंत्र लागत नाही. समस्थानिक मोजणारं यंत्र कोट्यवधींचं असतं, ते बाजूला ठेवू. चिखलाचा वरचा अर्धा सेंटिमीटर थर ठरावीक क्षेत्रातून खरवडायचा, ९० टक्के अ‍ॅसिटोनमध्ये घालायचा, रात्रभर अंधारात थंड ठेवायचा, गाळायचा, आणि ६६५ नॅनोमीटरला त्याचं शोषण पाहायचं. मग आम्लाचे दोन-तीन थेंब टाकून पुन्हा पाहायचं. आम्लाने ताजं हरितद्रव्य मोडतं आणि आकडा उतरतो. आधीच मेलेल्या, कुजलेल्या हरितद्रव्याचा उतरत नाही. दोन आकड्यांतल्या फरकावरून त्या चिखलात आज जिवंत शेवाळ किती आहे ते कळतं. कोकणातल्या कुठल्याही कनिष्ठ-वरिष्ठ महाविद्यालयाच्या रसायनशाळेत याला लागणारं सगळं सामान असतं. फक्त नमुना उधाणाच्या आणि भांगेच्या दोन्ही ओहोट्यांना घ्यावा, आणि तो पावसाळ्यात एकदाच घेतलेला नसावा.